बहुरूप्याचे पाय

चितेगाव पैठणच्या वाटेवर आहे, आणि पैठण हे नाथांचे गाव. नाथांच्या भारुडांत जोशी येतो, गोंधळी येतो, वासुदेव येतो. सोंगांना त्या मुलखात कधी तोटा नव्हता. माझ्या लहानपणी बहुरूपीही यायचे. एखाद्या दुपारी दारात फौजदार उभा राही, कागद फडकावून वडिलांच्या नावाचे वॉरंट वाचू लागे, आणि आम्ही पोरे माजघरात पळायचो. आजी मात्र जागची हलत नसे. त्याच्या टोपीकडे, मिशांकडे ती बघतच नसे, पायांकडे बघे. टोपी, पट्टा, छडी सगळे फौजदाराचे असले तरी पायात टायरच्या चपला असायच्या. ‘बस रे, पाणी पी,’ म्हणून ती सुपात जोंधळे घालायला आत जायची.

युद्धपटातला रणगाडा ओळखण्याची रीतही हीच आहे, हे मला पुढे ‘बॉर्डर’ बघताना कळले. गावच्या शिवारात व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता आणि आमच्या घरातला संचही त्यांचाच. स्वातंत्र्यदिन जवळ आला की त्यावर हमखास ‘बॉर्डर’ लागे. आमच्या शेजारी रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक दफादार राहायचे. वाळूतून शत्रूचे रणगाडे येऊ लागले आणि आम्ही श्वास रोखला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “हे आपलंच टी-फिफ्टी-फाइव्ह आहे. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधली फट बघ. बाकीची चाकं जवळजवळ, तेवढीच फट मोठी.” मी बघितली. फट होती. मग ते म्हणाले, “पण त्यांच्याकडे होता तोसुद्धा ह्याचाच भाऊ. त्याला बुरुजावर एक लहानसा घुमट असतो, आपल्याला नसतो. तो टीव्हीवर नाही दिसायचा.”

त्या दोन वाक्यांनी मला एक छंद लावला. तेव्हापासून युद्धपट पाहताना मी चेहऱ्यांबरोबर चाकेही बघतो. हा आढावा त्या छंदातून आलेला आहे, पण विषय नुसत्या छंदाचा नाही. पडद्यावरचा रणगाडा कोणाच्या जागी उभा आहे, तो तिथे का आला आणि त्याने ते सोंग किती प्रामाणिकपणे वठवले, हे विचारले की इतिहासाचा एक असा कप्पा उघडतो जो पटकथेत कुठेच नसतो.

‘बॉर्डर’पासूनच सुरुवात करू. जे. पी. दत्तांचा हा चित्रपट १९९७ चा. विषय लोंगेवालाच्या लढाईचा: ४ डिसेंबर १९७१ ची रात्र आणि पाचची सकाळ. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबची एक कंपनी, जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ, आणि समोर पाकिस्तानी रणगाडे. उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेल्या त्या रणगाड्यांची दाणादाण उडवली. त्या रात्री आलेले रणगाडे मुख्यतः दोन जातींचे होते: चिनी बनावटीचे टाइप ५९, ज्यांना आपले सैनिक टी-५९ म्हणतात, आणि अमेरिकी शर्मन.

आता टी-५९ म्हणजे काय? चीनने सोव्हिएत टी-५४ए हा रणगाडा परवान्याने आपल्याकडे बांधला, तो टाइप ५९. १९६५ च्या युद्धानंतर अमेरिकेने शस्त्रांचा हात आखडता घेतल्यावर पाकिस्तान चीनकडे वळला आणि हे रणगाडे त्याच्या रिसाल्यांत आले. भारताने त्याच सुमारास सोव्हिएत संघाकडून टी-५४ आणि मग टी-५५ घेतले. टी-५५ हे टी-५४ चेच सुधारलेले रूप. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच आजोबांची नातवंडे उभी होती. पंचवीस वर्षांनी चित्रपट काढताना पाकिस्तानी टी-५९ कुठून आणायचे, हा प्रश्न म्हणूनच तितका अवघड नव्हता. बुटका सांगाडा, उलट्या कढईसारखा गोल बुरूज, पाच मोठी चाके, वर पट्ट्याला आधार देणाऱ्या छोट्या चकत्या नाहीत आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात ती ठळक फट. एवढे सगळे टी-५५ मध्ये जन्मतःच आहे. ह्या बहुरूप्याच्या पायात अगदी टायरच्या चपला नव्हत्या. फार तर भावाचे बूट होते.

ह्या साम्यामुळे १९७१ मध्ये प्रत्यक्ष रणांगणावर जी अडचण झाली, ती ह्या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. धुळीत, धुक्यात, हजार-दीड हजार मीटरवरून नेमगोलंदाजाला जे दिसते तो रंग नसतो, निशाण नसते. केवळ आकृती असते. समोरची आकृती आपल्या टी-५५ सारखीच असेल तर गोळा टाकायचा की नाही? चूक झाली तर आपलीच चार माणसे जळतात. त्यावर आपल्या रणगाडा दलाने काढलेला उपाय आजही त्या वेळच्या छायाचित्रांत दिसतो. टी-५४ आणि टी-५५ च्या तोफेच्या नळीवर, टोकाला, एक फुगीर भाग असतो. गोळा सुटल्यावर नळीत उरलेला धूर तो बाहेर खेचतो, म्हणजे बुरुजात बसलेल्यांचा जीव घुसमटत नाही. टाइप ५९ चा फुगवटाही तिथेच, टोकाला. आपल्या सैन्यातल्या सेंच्युरियन आणि विजयंताच्या १०५ मिलिमीटर तोफेचा फुगवटा मात्र नळीच्या मध्याकडे. तेव्हा आपल्या लोकांनी टी-५५ च्या नळीवर मधोमध पत्र्याचा एक खोटा फुगवटा बसवला. काम काही नाही, नुसती खूण. लांबून पाहणाऱ्या आपल्या गोलंदाजाने ओळखावे, हा घरचा आहे. खऱ्या युद्धात खऱ्या रणगाड्याने सोंग घेतले ते आपल्या माणसाच्या हातून मरू नये म्हणून.

रणगाडा ओळखणे ही हौशी लोकांची किरकिर आहे असे कोणी म्हणाले की मला तो पत्र्याचा डबा आठवतो.

ह्यातून पडद्यावरच्या परीक्षेसाठी एक चांगली कसोटीही मिळते. आपल्या अनेक टी-५५ वर पुढे मूळची १०० मिलिमीटरची सोव्हिएत तोफ काढून १०५ मिलिमीटरची तोफ चढवली गेली. म्हणून १९७१ च्या कथेत शत्रूचा रणगाडा म्हणून आलेल्या टी-५५ च्या नळीवर फुगवटा टोकाला नसून मागे सरकलेला दिसला, तर तो नंतर तोफ बदललेला भारतीय रणगाडा आहे, हे ताबडतोब कळते. उलट १९७१ मधला भारतीय टी-५५ दाखवायचा तर नळीच्या मधोमध तो पत्र्याचा डबा हवा. पाच-दहा हजारांचे काम आहे, पण तो डबा बसवणाऱ्या दिग्दर्शकाला मी मनापासून नमस्कार करीन.

आता पायांकडे, म्हणजे चाकांकडे नीट वळू. म्हणतात ना, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. रणगाड्यांच्या दुनियेत चाकांचे सोंग आणता येत नाही. बुरूज बदलता येतो. पत्रा, प्लायवुड, फायबर लावून सांगाड्याचे कोन बदलता येतात. नळीला पाइप जोडून ती लांब करता येते. पण चाके, त्यांच्या आसांमधली अंतरे आणि पट्टा फिरवणारे दातेरी चाक ही वजन पेलणारी, जीव असलेली अंगे आहेत. ती बदलायची तर नवा रणगाडाच बांधावा लागेल.

मी आधी दातेरी चाक बघतो. ते पुढे आहे की मागे? अमेरिकी शर्मन आणि शॅफी, जर्मन टायगर ह्यांचे पुढे असते. बैल गाडी ओढतो तसा पट्टा पुढून ओढला जातो. टी-३४, टी-५५, टी-७२, पॅटन, सेंच्युरियन ह्यांचे मागे. मग चाके मोजायची. टी-३४ ला पाच, टी-५५ ला पाच, शॅफीला पाच. पॅटनला सहा, सेंच्युरियनला सहा, टी-७२ ला सहा. एवढ्याने भागत नाही, म्हणून फटी. टी-५५ ची फट पहिल्या-दुसऱ्यात, हे वर आलेच. त्याचा धाकटा भाऊ टी-६२ दिसायला तसाच, पण त्याच्या फटी मागच्या चाकांत, तिसऱ्यापासून मागे. शर्मनची चाके दोन-दोनच्या जोड्यांनी तीन खोगिरांवर बसवलेली. सेंच्युरियनचीही तीन जोड्यांत, पण ती बहुधा बाजूच्या पोलादी झालरीआड अर्धी लपलेली. शेवटी पट्ट्याची वरची बाजू: ती सरळ चाकांवर टेकते, की लहान आधारचकत्यांवरून जाते? टी-५५ मध्ये टेकते. टी-७२ मध्ये तीन चकत्या आहेत. एम-४७ पॅटनला तीन, एम-४८ ला पाच. इतके लक्षात ठेवले तरी पडद्यावर येणाऱ्या बहुतेक रणगाड्यांची जात तीस सेकंदांत सांगता येते.

ही नजर घेऊन जगाचा सिनेमा पाहिला तर काय दिसते? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन रणगाडे भट्टीत गेले, भंगारात गेले. टायगरचे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने उरले. पण युद्धपटांना टायगर हवाच; खलनायक मोठा नसेल तर नायक कसा मोठा होणार? मग जिथे चित्रीकरण, तिथल्या सैन्याचे रणगाडे, हा नियम झाला. १९६५ चा ‘बॅटल ऑफ द बल्ज’ स्पेनमध्ये चित्रित झाला. अमेरिका आणि फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९५३ साली करार झाला होता आणि स्पेनच्या सैन्याकडे अमेरिकी एम-४७ पॅटन आले होते. चित्रपटात तेच पॅटन राखाडी रंगात जर्मन ‘किंग टायगर’ झाले, आणि अमेरिकनांच्या शर्मनचे काम शॅफीने केले. किंग टायगरची मोठमोठी चाके एकमेकांवर चढलेली असतात. इथे सहा सुटी चाके आणि वर तीन चकत्या. कथा बर्फाळ आर्देनच्या जंगलातली, शेवटची लढाई कोरड्या स्पॅनिश माळावर. मला तो चित्रपट त्या माळामुळे अधिक खुपतो.

१९७० च्या ‘पॅटन’ची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. तोही बराचसा स्पेनमध्येच झाला. जनरल पॅटनच्या जीवनावरच्या चित्रपटात जर्मन क्रॉस रंगवून जे रणगाडे त्याच्यावर चालून येतात, ते त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच नावाने बारसे झालेले पॅटन रणगाडे आहेत. त्याच वर्षीच्या ‘केलीज हीरोज’चे चित्रीकरण युगोस्लाव्हियात झाले, आणि तिथे चित्र पार बदलले. युगोस्लाव्ह सैन्याकडे सोव्हिएत टी-३४ होते आणि टिटो-स्टालिन भांडणानंतर अमेरिकेने दिलेले शर्मनही होते. त्यामुळे शर्मनचे काम खऱ्या शर्मनने केले, आणि टायगर मात्र टी-३४ वर नवे कवच चढवून घडवले गेले. ही कारागिरी उत्तम होती. चौकोनी सांगाडा, उभ्या बाजू, जाड नळी, सगळे जमले. पण पाच मोठी चाके आणि मागचे दातेरी चाक लपले नाही. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधले टायगरही टी-३४ च्याच पायांवर चालतात. १९७७ च्या ‘अ ब्रिज टू फार’मध्ये पश्चिम जर्मन लेपर्ड रणगाड्यांना पँथरचे रूप दिले, आणि शर्मनची गर्दी वाढवण्यासाठी लँड रोव्हर गाड्यांवर पोकळ कवचे चढवली.

खरा टायगर पाहायचा तर २०१४ चा ‘फ्युरी’. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला ‘टायगर १३१’, १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि आज जगातला एकमेव चालता टायगर, त्यात स्वतःच आला आहे. त्या प्रसंगात तो माळावरून पुढे सरकतो तेव्हा एकमेकांत गुंतलेली चाके ज्या तऱ्हेने फिरतात, ते पाहून इतक्या वर्षांच्या सोंगांत काय हरवत होते ते कळते. वजन हरवत होते. टी-३४ हलक्या अंगाचा, उसळी घेत धावणारा रणगाडा आहे. टायगर दीडपट-दुप्पट वजनाचा, जमीन दाबत जाणारा. सोंगात आकार आणता येतो, चाल आणता येत नाही.

जगाची ही यात्रा इथेच थांबवतो, कारण आपल्या घरचे काम मोठे आहे.

हिंदी युद्धपटांचे प्रमुख विषय दोन: १९६५ आणि १९७१. ह्या दोन युद्धांत उपखंडात जितक्या जातींचे रणगाडे आमनेसामने आले, तितके महायुद्धानंतर फार थोड्या ठिकाणी आले असतील. आपल्याकडे सेंच्युरियन, शर्मन, फ्रेंच एएमएक्स-१३, मग टी-५४/५५, पाण्यात पोहणारा पीटी-७६ आणि आवडीच्या कारखान्यात बांधलेला विजयंत. त्यांच्याकडे एम-४७ आणि एम-४८ पॅटन, शर्मन, शॅफी, मग टाइप ५९. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत संघ, चीन ह्या सगळ्यांचे कारखाने खेमकरण आणि शकरगडच्या उसात समोरासमोर उभे राहिले. म्हणून आपल्या चित्रपटात ‘एक रणगाडा’ आणून उभा केला की काम झाले, असे होत नाही. कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा, हे इथे कथेचेच अंग आहे.

अरुण खेतरपाल यांची लढाई घ्या. १६ डिसेंबर १९७१, बसंतर नदीपलीकडचे जरपाल. सतरावी पूना हॉर्स, म्हणजे आपल्या पुण्याचे नाव शिरावर वाहणारी आणि १८१७ पर्यंत मुळे पोचणारी रेजिमेंट. एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट, कमिशन मिळून सहा महिने. त्याचा रणगाडा सेंच्युरियन, नाव ‘फामागुस्टा’. समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन. ह्या लढाईवर श्रीराम राघवन यांच्यासारख्या, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शकाने ‘इक्कीस’ केला, ह्याचा मला आनंद आहे. ही कथा सांगताना सेंच्युरियन आणि पॅटन ह्यांत फरक दिसला नाही, तर कथेचा कणाच मोडतो. सेंच्युरियन कोनदार, भक्कम, बुरुजाच्या दोन्ही अंगांना पेट्या लटकवलेला, बाजूंना झालर. एम-४८ पॅटन गोलसर, पुढून पाहिले तर होडीच्या तळासारखा, उंच. नावाजलेला, नवा पॅटन आणि मूळचा महायुद्धाच्या अखेरीचा सेंच्युरियन, ह्यांच्या गाठीत कोण टिकते ह्याकडे तेव्हा जगातल्या रणगाडा दलांचे लक्ष होते. १९६५ मध्ये असल उत्तरला, फिलोराला हीच गाठ पडली होती. फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर हेही सेंच्युरियनमधूनच लढले आणि परमवीरचक्र ठेवून गेले. ते पूर्वी हैदराबाद संस्थानच्या लान्सर्समध्ये होते, ज्या संस्थानात तेव्हा आमचे चितेगावही मोडत होते.

अडचण अशी की पॅटन आपल्याकडे आले ते जिंकून आणलेले, म्हणून ते उभे राहिले छावण्यांत आणि चौकांत, चौथऱ्यांवर. नियमित सेवेत ते कधीच नव्हते. चित्रपटवाल्यांना चालता रणगाडा लागतो, आणि सैन्य देऊ शकते तो त्याच्याकडे त्या वेळी असलेला. इथेच आपल्या पडद्यावरचे सर्वांत मोठे दुखणे जन्मते, ते म्हणजे काळाची उडी. टी-७२ आपल्याकडे आला १९७० च्या दशकाच्या अगदी शेवटी. जो चित्रपट १९६५ किंवा १९७१ सांगतो आणि टी-७२ दाखवतो, तो शिवकाळाच्या नाटकात घड्याळ घालून आलेल्या मावळ्यासारखा असतो. सहा सारखी चाके, वर तीन चकत्या, १२५ मिलिमीटरची लांब नळी: एकदा ओळखला की डोळ्यांपुढून हलत नाही. भावाचे सोंग मला मान्य आहे. नातवाने आजोबांचे सोंग घ्यावे, हे मान्य होत नाही, कारण त्याने युद्धाचे गणितच बदलते. १९७१ च्या माणसाने जे हत्यार हाती होते त्यावर निभावले. त्याच्या हातात आठ-दहा वर्षांनंतरचे हत्यार दिले की त्याचे धैर्य आपण नकळत कमी करतो.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला ‘पिप्पा’ आहे. राजा कृष्ण मेनन यांचा २०२३ चा हा चित्रपट गरीबपूरच्या लढाईवर आहे. नोव्हेंबर १९७१, युद्ध रीतसर जाहीर होण्याआधीचे दिवस. ४५ कॅव्हलरीचे चौदा पीटी-७६ आणि १४ पंजाब एका बाजूला, शॅफी रणगाड्यांचे पाकिस्तानी स्क्वाड्रन दुसऱ्या बाजूला. स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजितसिंग नारग धारातीर्थी पडले आणि कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनी सूत्रे हाती घेतली. पुढे मेहतांनी लिहिलेल्या पुस्तकावरच चित्रपट बेतला आहे. पीटी-७६ हा जेमतेम चौदा टनांचा, होडीसारख्या लांब चपट्या अंगाचा, मागच्या दोन भोकांतून पाणी फेकत नदी पार करणारा. तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून जवानांनी त्याला ‘पिप्पा’ म्हटले. ह्या चित्रपटासाठी खरा पीटी-७६ पुन्हा चालता केला गेला. त्यावर चढणारा नट, त्याच्या झडपेतून बाहेर डोकावणारा, अंग चोरून बसणारा. तो अवघडलेपणा खोटा वाटत नाही, कारण झडप खरी आहे. ज्याचे नावच चित्रपटाला दिले, त्याच्या जागी दुसरा कोणी चालला नसता, हे निर्मात्यांनी ओळखले ह्याचे मोल मोठे आहे.

इथे एक जुना वाद येतो. एक पक्ष म्हणतो, सामान्य प्रेक्षकाला चाकांच्या फटीचे काय. कथा पोचली, डोळे ओले झाले, झाले काम. दुसरा पक्ष एकेक रिव्हेट मोजतो आणि एक चुकला की चित्रपट बाद करतो. मी दोघांशीही सहमत नाही. पहिल्याचे म्हणणे मला पटत नाही, कारण ‘बॉर्डर’ने रणगाड्यांत भावाचे बूट चालवून घेतले तरी हवाई हल्ल्यासाठी खरी हंटर विमाने आणली, ती तेव्हा आपल्या हवाई दलात होती म्हणून, आणि त्या एका खरेपणाने सकाळचा तो प्रसंग उचलला गेला. खऱ्या वस्तूची छाप ज्याला तिचे नाव माहीत नाही त्याच्यावरही पडते. दुसऱ्या पक्षाला मला एवढेच सांगायचे आहे की बदली रणगाडा हा स्वतः एक दस्तऐवज आहे. स्पेनमधला पॅटन १९५३ च्या कराराची साक्ष देतो. युगोस्लाव्ह शर्मन टिटोच्या तारेवरच्या कसरतीची साक्ष देतो. ‘बॉर्डर’मधला टी-५५ सांगतो की चीन आणि सोव्हिएत संघ एकाच मुशीतून ओतलेले पोलाद दोन शेजाऱ्यांना पुरवत होते. चूक नोंदवावी जरूर, पण तिथेच थांबू नये. हाच रणगाडा का मिळाला, हे विचारावे.

संगणकावर घडवलेल्या रणगाड्यांमुळे मात्र ही साक्षच पुसली जाते, आणि त्याची मला काळजी वाटते. तिथे काहीही घडवता येते, म्हणून सबबही उरत नाही, आणि तरी चाके जमिनीवरून घसरतात, पट्टा ताणलेल्या रबरासारखा सरळ राहतो, वळताना मातीचा ढिगारा उठत नाही. ज्याने रणगाडा वळताना कधी पाहिला नाही, त्याने तो काढलेला आहे हे कळते. ह्या मंडळींनी एक दिवस काढून नगरला जावे, एवढीच माझी विनंती आहे.

कारण नगर, आता अहिल्यानगर, हे भारतीय रणगाड्यांचे माहेर आहे. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल तिथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र तिथे आहे, वाहन संशोधनाची संरक्षण खात्याची संस्था तिथे आहे, आणि खारे कर्जुनेच्या माळावर सरावाचे गोळे पडतात. चितेगावहून निघाले की वाळूज, नेवासा फाटा करत अडीच-तीन तासांत पोचता येते. तिथले कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडले, आणि त्यात पन्नासच्या आसपास चिलखती वाहने उघड्यावर मांडलेली आहेत. मॅटिल्डा आहे, व्हॅलेंटाइन आहे, चर्चिल आहे, जपानी रणगाडे आहेत, शॅफी, पॅटन, पीटी-७६, विजयंत, सेंच्युरियन आहेत. खेतरपालांचा ‘फामागुस्टा’ही दुरुस्त होऊन नगरच्या त्या केंद्रातच जपलेला आहे. कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथल्या हिरवळीवरचा एक तास अधिक शिकवतो, कारण रणगाडे शेजारी-शेजारी आहेत आणि डोळ्यांना तुलना करता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शॅफीच्या लहानखुऱ्या अंगाने चकित झालो होतो. ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये तो शर्मन म्हणून कसा खपला, हे कोडे तिथे उभा राहिल्यावर उलट वाढले.

माझ्या मनातली एक गोष्ट इथे बोलून टाकतो. गावोगावच्या चौकांत, शाळा-महाविद्यालयांच्या फाटकांशी, स्मारकांपाशी निवृत्त रणगाडे उभे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांना रंग लागतो, १५ ऑगस्टला हार पडतो. पण पाटी बहुधा नसते, किंवा असली तर तिच्यावर ज्याच्या हस्ते अनावरण झाले त्याचे नाव असते, रणगाड्याचे नसते. कित्येक विजयंत ‘पॅटन’ म्हणून फोटोत जातात. विजयंत हा स्वतंत्र भारतात बांधला गेलेला पहिला मुख्य रणगाडा. त्याला शत्रूच्या नावाने हाक मारली जाणे मला सोसत नाही. चित्रपटवाल्यांकडे निदान सबब आहे, सोंगच करायचे होते. चौकातल्या रणगाड्याला तर आपले स्वतःचेच काम करायचे आहे. नाव, जात, साल, कोणत्या रेजिमेंटमध्ये होता: चार ओळींची पाटी पुरे.

दफादारकाका आता नाहीत. त्यांनी सांगितलेला घुमट पाहायचा राहिला होता, म्हणून एका हिवाळ्यात जैसलमेरला गेलो तेव्हा पुढे लोंगेवालापर्यंत गेलो. तिथल्या स्मारकापाशी त्या लढाईतला एक टी-५९ ठेवला आहे. लोक तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढत होते. मी आधी चाके मोजली. पाच. पहिल्या आणि दुसऱ्यामधली फट, टीव्हीवर दिसली होती तीच. नळीवरचा फुगवटा टोकाला. मग थोडे लांब, वाळूच्या चढावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा बुरुजाची वरची बाजू दिसली. तोफेत गोळा भरणाऱ्याच्या झडपेच्या पुढ्यात, उजव्या अंगाला, पालथ्या वाटीएवढा उंचवटा होता.